नववी ट्यूब

टकळीला त्या मेडिकलमध्ये जायचंच नव्हतं. पण मावशीनं दिलेली ट्यूब संपली, मावशी गेली परगावी, आणि हनुवटीवर तीन नव्या पुटकुळ्या डोकं वर काढून बसल्या. म्हणून शाळेतून येताना ती कोपऱ्यावरच्या दुकानाची पायरी चढली. पाठीवर दप्तर, हातात पिळून पिळून सुरळी झालेली ट्यूब.

काउंटरमागे दुकानदारांचा धाकटा मुलगा बसला होता. बारावीतला. समोर रसायनशास्त्राचं पुस्तक, कानावर पेन.

"ही द्या," ती म्हणाली.

त्यानं सुरळी उजेडात धरली. "हिच्यातून आता काय निघायचं राहिलंय? जीव?"

"जीव माझा चाललाय. नवी द्या."

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चिठ्ठी कसली? मावशीनं दिलीय. पार्लर आहे तिचं."

"म्हणजे अर्ध्या डॉक्टरच की!"

"पूर्ण! आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका तिलाच तोंड दाखवतात."

तो हसला. त्याचं हसणंच असं होतं, की समोरच्याला हसल्याशिवाय गत्यंतर नाही. खोक्यावरच्या ठळक ओळीवर त्याचं बोट क्षणभर थांबलं... आणि मग खोकं काउंटरवरून तिच्याकडे सरकलं.

टकळी हे काही तिचं खरं नाव नव्हे. तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून आजोबांनी ठेवलेलं. शाळेत मात्र त्या टकळीला मान होता. वक्तृत्वात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. फक्त व्यासपीठावर चढण्याआधी ती आरशात हनुवटी पाहायची, आणि निम्मा धीर तिथेच गळायचा.

ट्यूब होती मात्र जादूची! चार दिवसांत चेहरा सोललेल्या अंड्यासारखा. आणि ट्यूब संपली की पुन्हा ती पायरी, पुन्हा तो.

"आज वेणी एकच?"

"रसायनशास्त्रात वेण्या मोजायला शिकवतात वाटतं?"

"नाही. ते मी स्वतः शिकलो."

घरी येईपर्यंत तिचे कान गरम असायचे. एक ट्यूब महिनाभर पुरायला हवी. तिची दुसरी वीस दिवसांत संपली, तिसरी पंधरा, पाचवी बारा... का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

आठव्या ट्यूबनंतर चेहऱ्याची आग व्हायला लागली. गाल लालबुंद, कातडी इतकी पातळ की आतल्या बारीक शिरा दिसाव्यात. साधं पाणी लागलं तरी मिरची चोळल्यासारखं. शेवटी आई तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"यात स्टिरॉइड आहे, बाळा. किती लावलीस?"

"आठ ट्यूब."

"कुणी लिहून दिली?"

आईनं मान खाली घातली. "माझ्या बहिणीनं सांगितली हो..."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचीच टकळीला जास्त भीती वाटली. "आज बंद. सौम्य फेसवॉश, हे साधं क्रीम, उन्हात जाताना सनस्क्रीन, आग झाली की गार पाण्याची घडी. घासायचं नाही, फोडायचं नाही. आणि नीट ऐक. आधी हे आणखी बिघडणार. बघवणार नाही इतकं. तेव्हाच माणसं घाबरून पुन्हा ट्यूब आणतात. तू आणू नकोस. तीन महिने तरी धीर धर."

त्यांचा शब्द खरा ठरला. दहा दिवसांत गालांवर पिवळ्या तोंडाच्या पुळ्यांचं पीक आलं. उशीच्या अभ्र्याला डाग. शेजारच्या काकू लिंबू सुचवून गेल्या, आत्या म्हणाली "पोट साफ नसेल हिचं", आणि मावशीनं फोन उचलणंच सोडलं. टकळीचं बोलणं आटलं. घरात घड्याळ ऐकू येऊ लागलं, तशी आई मोरीत जाऊन रडली.

त्यातच शुक्रवारी आंतरशालेय स्पर्धेची अंतिम फेरी. त्यांच्या शाळेतून तिथवर पोचलेली ती पहिलीच. सोमवारी शाळेत बाईंनी तिला बाजूला घेतलं. "या वेळी दुसऱ्या कुणाला पाठवू या का गं? तुलाच त्रास नको..."

आवाजात इतकी माया होती, की सुरी बरी.

शाळा सुटल्यावर डोळ्यांपर्यंत स्कार्फ गुंडाळून टकळी मेडिकलची पायरी चढली. चार दिवस. एक ट्यूब. शुक्रवारपर्यंत चेहरा गुळगुळीत. मग पुढचं पुढे!

"ट्यूब दे."

त्यानं तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "नाही."

"सात दिल्यास. तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"हो," तो म्हणाला.

पंखा कुरकुरत फिरत होता. त्यानं खोकं काढलं आणि ती ठळक ओळ तिच्यासमोर धरली. चिठ्ठीशिवाय विकू नये.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बाबांनी दहादा बजावलंय. पण नाही म्हटलं असतं, तर... तू परत आली नसतीस."

टकळीला वाटलं, काउंटरवरची काचेची बरणी उचलावी आणि घालावी याच्या डोक्यात. पण तिनं खोकं हातात घेऊन काउंटरवर पालथं ठेवलं.

"जरा जरा लावायची होती," ती हळूच म्हणाली. "मी थापत होते. लवकर संपावी म्हणून."

कुणीच हसलं नाही.

तिनं स्कार्फ खाली ओढला. "बघ."

तो बघत राहिला. सगळे म्हणायचे, "काही नाही गं, जाईल." तो म्हणाला, "फार वाईट झालंय." मग, "दुखतं?"

"हसले की तडकतं. रडले की चरचरतं. काय करू, सांग."

त्यानं खोकं उचलून परत कपाटात ठेवलं. "तू यायची थांबलीस, तेव्हाच काय झालं असेल ते कळलं. काल बाबांना सगळं सांगितलं. कानाखाली बसली. उद्यापासून मी काउंटरवर नाही. म्हणून आजच सांगतो — तू मला आवडतेस. ट्यूब देण्याऐवजी हेच सांगायला हवं होतं."

किती वेळा तिनं हे वाक्य मनात ऐकलं होतं! दर वेळी त्यात तिचा चेहरा छान असायचा.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "माझा आणि तुझा. कधी जाईल माहीत नाही. जाईल की नाही, तेही नाही."

"बरं."

"बरं काय बरं? भांड की जरा!"

"कशावरून भांडू? सगळं खरंय."

ती पायरी उतरली. दुसरं मेडिकल चौकात होतं, शंभर पावलांवर. तिथे चिठ्ठी कुणी विचारत नाही, हे तिला ठाऊक होतं. ती उभी राहिली. मग मागे वळली.

"शुक्रवारी अकरा वाजता. शाळेमागचं सभागृह. शेवटच्या रांगेत बस. पुढे दिसलास तर भाषण विसरेन."

आणि चौकाकडे न जाता ती सरळ बाईंच्या घरी गेली. "बाई, मीच बोलणार. असंच."

शुक्रवारी ती माइकसमोर उभी राहिली, तशी पहिल्या रांगेतल्या परीक्षकांनी घाईघाईनं कागदांत डोकं घातलं. कुणीतरी "ई..." केलं, अर्धवटच. घामानं गाल पेटले होते. तिनं शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

तो एकटाच होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून. नजर खाली नाही, बाजूला नाही. जे होतं ते बघत होता.

राग अजून तसाच होता. पण तिनं माइक जवळ ओढला, आणि टकळी बोलायला लागली.