एका कडव्यापुरतं

सरावाच्या हॉलचं दार नेमकं हात भरलेले असतानाच अडायचं. त्या दुपारीही अडलं. तिच्या कडेवर साउंडचा मिक्सर, खांद्यावर वायरींचं भेंडोळं, केसांतून पावसाचं पाणी गळतंय... तेवढ्यात जिन्यावर बसलेला एक उंच मुलगा उठला आणि त्याने खांद्याने दार रेटून धरलं.

"आधी तुम्ही आत या. मिक्सरचं नंतर बघू."

"मिक्सर माझ्यापेक्षा महाग आहे," ती म्हणाली.

"ते कोणी ठरवलं?"

ती हसली, आणि तिथेच घोटाळा झाला. एकदा हसली की तिची जीभ सैल सुटायची. तिने त्याला सगळं सांगून टाकलं. हा तीस वर्षं जुना रॉक बँड, त्याच्या साउंडचं काम तिच्याकडे, गायक म्हणजे तिचे बाबा. बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि आज त्यांच्या जागी कुणीतरी उपटसुंभ येणार आहे.

"ऐकलंय मी त्याला," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "गातो बेताचंच. दारं मात्र छान धरतो."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लाजेची ही पहिली खेप. ही तशी गोडच होती, कारण त्याने तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. सगळे त्याला 'नवा' म्हणू लागले. सरावात त्याचा सूर जरा उतरला की ती मिक्सरमागून तळवा वर उचलायची, आणि तो सूर चढवून तिच्याकडे बघायचा. आता बरोबर? ती मान डोलवायची. ड्रमवाले काका गिटारवाल्या काकांकडे बघून मिशीत हसायचे. ती वायरी गुंडाळत बसायची, गुंडाळलेल्या पुन्हा सोडून गुंडाळायची.

मग पहिला कार्यक्रम आला. हॉल गच्च, पहिल्या रांगेत बाबा. शेवटचं गाणं बाबांचं, त्यांनीच बांधलेलं, आजवर दुसऱ्या कुणी न गायलेलं. नव्याने पहिलं कडवं उचललं आणि लोक उभे राहिले. ज्या गाण्यावर बाबांसाठी टाळ्या पडायच्या, त्याच गाण्यावर याच्यासाठी शिट्ट्या पडू लागल्या.

गायकाच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून एक स्पीकर ठेवलेला असतो. त्याला मॉनिटर म्हणतात. एवढ्या गोंगाटात गायकाला स्वतःचा आवाज त्यातूनच ऐकू येतो. तो बंद झाला तर लोकांना कळत नाही, गायक मात्र आंधळ्यासारखा चाचपडतो. हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिच्याच बोटाने मिक्सरवरचं मॉनिटरचं बटण खाली ओढलं. एका कडव्यापुरतं.

सूर घसरला. त्याने कानावर हात दाबून धरला, तिच्याकडे पाहिलं... ती मिक्सरकडे बघत राहिली. मागून कुणीतरी बाबांच्या नावाने ओरडलं, लोक हसले. बाबांनी मान खाली घातली.

कार्यक्रम संपल्यावर नव्याने सगळ्यांची माफी मागितली. बाबांचे पाय धरले. तिला म्हणाला, "तुमच्या मेहनतीवर पाणी फिरवलं मी." धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं तिला वाटलं. त्याने सांगितलं, ठरलेला पुढचा कार्यक्रम करतो आणि जातो. गिटारवाले काका म्हणाले, मग बँडही गुंडाळूया, आता अंगात बळ नाही. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची लाज तिला बटण ओढल्यापेक्षाही जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा कुजबुजले. आता त्यांना तेवढंच जमायचं. "तो कानावर हात ठेवत होता. मॉनिटर बंद पडला की मीही तसंच करायचो. वायर सैल झाली होती का गं?"

'हो' म्हटलं असतं तर सुटली असती. बाबांनी वाट करून दिली होती.

"नाही, बाबा. मीच बंद केला."

बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला सांगून काय उपयोग?"

ती सरावाच्या हॉलवर गेली. नवा आणि दोन्ही काका तिथेच होते. काकांसमोरच तिने नव्याला सांगितलं, मान वर न करता, एका दमात. ड्रमवाल्या काकांच्या हातातली काठी तशीच राहिली.

"का?" नव्याने विचारलं.

"तू चांगला गात होतास म्हणून." तुम्हीचं तू कधी झालं, तिला कळलंही नाही. "लोक बाबांना विसरले, त्याचं एवढं नाही. पण तुझं ऐकता ऐकता... मीच विसरले. बाबा समोर बसलेले, आणि मला फक्त तू दिसत होतास."

त्याने जॅकेट उचललं आणि तो निघून गेला. या वेळी दार जराही अडलं नाही.

पुढच्या कार्यक्रमाला तो येईल, याची तिला खात्री नव्हती. तो आला. तिच्याकडे न बघता गायला. शेवटच्या गाण्याआधी मात्र तो खाली वाकला आणि मॉनिटरची वायर त्याने स्वतःच्या हाताने उपटून काढली. मग सरळ उभा राहून, थेट तिच्याकडे बघत त्याने बाबांचं गाणं सुरू केलं.

आता त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. त्याचे कान म्हणजे ती. तिने तळवा उचलला. सूर चढला, नेमका जागेवर बसला... त्याचा हात एकदाही कानाकडे गेला नाही. शेवटची तान संपली तेव्हा पहिल्या रांगेत बाबा उभे होते आणि आवाज नसलेल्या घशाने ओठ हलवत होते.

टाळ्या संपायच्या आत तो मिक्सरपाशी आला.

"सगळा वेळ हात वरच. मी एवढा बेसूर होतो?"

"नाही."

"मग?"

"खाली घ्यायचं... सुचलं नाही."

"मी अजून रागावलोय हं," तो म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "मीसुद्धा, स्वतःवर."

त्याने तिचा हात हलकेच धरून खाली घेतला. खाली आल्यावर सोडायचं मात्र त्यालाही सुचलं नाही.