ठकूबाईचं राहिलेलं ऑपरेशन

शेतीची लाईट रात्रीच येणार होती आणि बाहेर बिबट्याचा धाक, म्हणून पोरं मोटारीच्या खोलीत दार लावून बसली होती. कुणीतरी भुताचा विषय काढला. सोबतीला बसलेले म्हातारे हौशीरामनाना हसले नाहीत. म्हणाले, "भूत-बित मला म्हाईत न्हाई. तन्वीरचं सांगतो. वळखीतला पोरगा हाय, खोटं बोलायचा न्हाई." आणि नानांनी सांगितलं ते असं.

तन्वीर नेत्रपेढीत कामाला. कुठं माणूस गेलं आणि घरच्यांनी होकार दिला, की पेटी बांधून मोटारसायकलवर निघायचं. गेल्या साली, दत्तजयंतीच्या आदल्या रात्री, मढ गावाहून फोन आला. ठकूबाई नावाची म्हातारी दिवेलागणीला गेली होती. तिचा मुलगा चिमाजी म्हणाला, "या बिगीबिगी. सकाळी माती हाय."

तन्वीर पोचला तेव्हा पंखा बंद होता, म्हातारीच्या डोळ्यांवर ओला कापूस होता. फोनवर सांगितलं तसं सगळं केलेलं. त्यानं बायामाणसांना बाहेर बसवलं. चिमाजी तेवढा मोबाईल घेऊन दारात उभा राहिला.

तन्वीरनं आधी पापण्यांत स्पेक्युलम बसवलं. तारेची स्प्रिंगच ती. दाबून आत सरकवायची, सोडली की पापण्या उघड्याच राहतात. मग बारीक पात्यानं बुबुळाच्या कडेबाहेर, पांढऱ्यात, चीर दिली. वाकड्या टोकाची कात्री त्या चिरेत घालून गोल फिरवली, आणि केसाएवढ्या टोकांच्या चिमट्यानं बुबुळावरचा पडदा अलगद उचलला. घड्याळाची काच निघावी तसा. तो गुलाबी औषधाच्या बाटलीत सोडला.

आणि आतला मोतीबिंदू उघडा पडला. तपकिरी, टणक. गुळाचा खडाच. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

"आजींना दिसत नव्हतं?"

"धा वर्सं झाली आसतील," चिमाजी म्हणाला.

"मग ऑपरेशन का नाही केलं? शिबिराची गाडी गावात येते. फुकट. दहा मिनिटांचं काम असतं हो."

"गाडीसंगं माणूस द्यावा लागतो राव. कोनाला येळ हाय? आन् म्हातारीला काय पेपर वाचायचा व्हता?" मग जरा घाबरून, "पर डोळं चालत्याल ना? फोटो टाकायचाय उद्या. पेपरवाल्यालाबी सांगितलंय."

"चालतील. वरचा पडदा चांगला आहे. मोतीबिंदू मागं असतो."

"मंग झालं."

तन्वीरनं पापण्या मिटवल्या. सून मंगल हातावर पाणी घालायला आली, तेव्हा हळूच बोलली, "आत्याबाई लई म्हनायच्या, शौर्यचं त्वांड येकदा बघू द्या. सात वर्साचा झाला माझा ल्योक. हातानंच चाचपायच्या त्याला."

तन्वीरनं हत्यारं धुतली, पुसली, स्टीलच्या डब्यात ठेवून डबा आवळून बंद केला. मोतीबिंदू होता तिथंच राहिला. तो काढणं त्याचं काम नव्हतं, आणि मेलेल्या माणसाला आता त्याचा काय उपयोग?

परतीला चांदणं पिठासारखं पडलेलं. एका अंगाला धरणाचं पाणी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. डबा आणि बाटल्यांची पेटी मागच्या सीटवर दोरीनं बांधलेली.

वळणावर गाडी जड झाली. मागून कुणी बसावं तशी. खचकन दबली.

त्याला वाटलं, चाकातली हवा गेली. मागं बघायला मान वळेना.

"लेकरा…"

अगदी कानाशी. थकलेला, म्हातारा आवाज.

"काडलं का रं?"

"काय… आजी?"

"त्ये… डोळ्याम्होरं आडवं आल्यालं."

वारा. इंजिनाचा आवाज. बाकी काही नाही.

"नाही आजी," तो कसाबसा बोलला. "ते नाही काढलं."

"धा मिन्टाचं काम. तूच म्हनलास."

त्यानं गाडी थांबवली नाही. थांबवायचं धाडसच नव्हतं. मागं डब्याची कडी वाजली. खट्. झाकण उघडलं. हत्यारं एकमेकांवर वाजू लागली… सावकाश… आंधळं माणूस चाचपून एकेक उचलतं ना, तशी.

मग कात्री.

कच्.

थोडी उसंत.

कच्.

पुढं डिंगोरे गावाचे दिवे दिसले आणि गाडी हलकी झाली. तन्वीरनं उतरून पाहिलं. डबा बंद. दोरीची गाठ त्यानं मारली होती तशीच.

नाना थांबले. कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "मंग?"

मग काय. सकाळी चिमाजीच्या स्टेटसला फोटो लागला. हार घातलेली म्हातारी, आणि खाली 'जाता जाता जगाला दृष्टी देणारी आमची माऊली.' हात जोडलेल्यांची रांग लागली. दुपारच्या आत ठकूबाईची राख झाली होती.

तिकडं नेत्रपेढीत वृषाली सिस्टरनं हत्यारं उकळायला डबा उघडला आणि तन्वीरला हाक मारली.

"काय रे, मोतीबिंदू कधीपासून काढायला लागलास?"

धुतलेल्या, कोरड्या हत्यारांमध्ये दोन तपकिरी खडे पडले होते. अख्खे. कडेला साधा ओरखडाही नाही.

सिस्टरनं एक तळहातावर घेतला, आणि झटकन खाली टाकला.

तो अजून कोमट होता.