खोली नंबर नऊची भाडेपावती

“बाई, मी कुणाला घर भाड्यानं दिलंय हो?” शिंप्यानं आयकराची नोटीस टेबलावर आपटली. “माझं दुकानच भाड्याचं!”

वर्षाला तीन लाख साठ हजार घरभाडं मिळालं, त्यावर कर भरा, असं नोटिशीत होतं. भाडेकरूचं नाव नव्हतं.

बाई करखात्यातून निवृत्त झालेल्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांची विवरणपत्रं त्याच भरून देत.

“तुमचा कर क्रमांक कुणाला ठाऊक आहे?”

“धाकट्या भावाला. कागदपत्रं तोच बघतो. कालच हाकलला त्याला. गल्लीदेखत चोर म्हटलं.”

“पुरावा?”

“दुसरं कोण असणार?”

बाईंनी कार्यालयात अर्ज दिला. आठवड्यानं भाडेपावतीची प्रत हाती आली. भाडेकरूच्या नावावर काळी पट्टी होती. घरमालकाचा पत्ता मात्र स्पष्ट होता.

“खोली नंबर नऊ?”

“माझी जुनी भाड्याची खोली. ती सोडून सहा वर्षं झाली. धाकटा इथं आला तीन वर्षांपूर्वी.”

बाईंनी कपाट उघडलं. मागच्या सुट्टीत मुलानं सगळ्या फायली नीट लावून वर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांनी शिंप्याची जुनी फाइल काढली. पहिल्या पानावर कर क्रमांकाखाली नऊ नंबरचाच पत्ता होता. त्यांनी फाइल मिटली.

“उद्या धाकट्याला घेऊन या,” त्या एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ अंग चोरून दोन टोकांना बसले.

“पगारात भाड्याची करसवलत मिळते,” बाई म्हणाल्या. “भाडं न भरता कुणीतरी ती लाटली. घरमालक म्हणून तुमचं नाव लावलं. धाकट्यानं केलं असतं तर आत्ताचा पत्ता घातला असता. जुना त्याला ठाऊकच नाही. नऊ नंबर आणि तुमचा कर क्रमांक एकत्र फक्त माझ्या फायलीत आहेत. ती माझ्याखेरीज एकानंच हाताळली.”

“कोणी?”

बाईंची मान वर होईना. “माझ्या मुलानं. मित्राकडे फुकट राहतो तो. रात्री फोनवर कबूल केलं त्यानं. म्हणतो, ‘सगळेच करतात गं, आई.’ उद्या त्याला घेऊन कार्यालयात जाते, लेखी जबाब देते. तुम्ही विश्वासानं कागद दिलेत आणि माझ्याच घरातून...”



शिंपी भावाकडे वळला. “मी तुला चारचौघांत...”

“ते घरी बोलू,” धाकटा उठत म्हणाला. “आधी बाईंना पाणी दे.”