काटा रुतलेलं अस्वल

सिनेमात कुणी चालतं तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुधा त्या नटाची नसतात, माझ्यासारख्या कुणाची तरी असतात. आमच्या स्टुडिओत जमिनीवर मातीचा, फरशीचा, वाळक्या पानांचा असे चौकोन आहेत. पडद्याकडे बघत मी त्यांवर चालते. "जागच्या जागी चालून पगार घेणारी तू एकटीच," असं नवरा चिडवतो.

यंदा वाट्याला अस्वल आलं. आईने मला आणि मी माझ्या लेकीला, ठकीला, झोपवताना सांगितलेलं, पायात काटा रुतलेलं अस्वल. चुकलेल्या मुलांच्या मागे लंगडत चालणारं, त्यांना घरी पोचवणारं आणि कुणी मागे वळून बघितलं की निघून जाणारं. आता त्याचा भयपट होत होता आणि त्यात ते मुलांना खात होतं. ठकीला हे शाळेत कळलं, तेव्हापासून ती दिवा लावून झोपू लागली.

"आई, ते आधीपासूनच खायचं का गं?"

तिचं एवढं लाडकं अस्वल, आणि ते बिघडवायला माझेच पाय.

दिग्दर्शकाने बजावलं होतं, "ताई, लंगडणं नको. दया येते त्याची."

मी जड बूट चढवले आणि पानांवर सरळ चालले. रेकॉर्डिस्टने ऐकवलं, तर डावं पाऊल घासत होतं. पुन्हा चालले, पुन्हा तेच. बूट बदलले, तरी तेच. माझे पाय ठणठणीत होते. रेकॉर्डिस्टने यंत्राला शिव्या घातल्या, पण माझ्याकडे बघायचं टाळलं. शेवटी एक लांबलचक टेक घेऊन, तो न ऐकताच आम्ही काम थांबवलं.

आत मोबाइल न्यायचा नाही, हा आमचा नियम. बाहेर येऊन बघते तर नवऱ्याचा निरोप कधीचा पडलेला: "अडकलोय. ठकीला तू आण." शाळा केव्हाच सुटली होती.

मी बुटांसकट धावले. शाळेचं फाटक बंद होतं. तशीच घरी पळाले. ठकी पायरीवर बसून निवांत बिस्किट खात होती. मी तिला घट्ट धरलं आणि रडले.

"एकटी कशी आलीस गं?"

"रस्ता चुकले होते. मग मागून कुणीतरी यायला लागलं. मी चुकीकडे वळले की थांबायचं, बरोबर वळले की चालायचं."

"कोण?"

"मी बघितलं नाही. बघितलं की जातं ना ते!" तिने बिस्किट संपवलं. "खात नाही गं ते, आई."

त्या रात्री तिने स्वतःच दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या, गालिचा घातलेल्या खोलीत दिग्दर्शकासोबत मी तो टेक ऐकला. जड पावलं, डावं घासणारं. त्यांच्या पुढे छोटी पावलं, एका बुटाची चूं चूं करणारी. ठकीचा तो बूट दुरुस्तीला न्यायचं मी कधीपासून टाळत होते.

"ही कुणाची?" दिग्दर्शकाने विचारलं.

छोटी पावलं पायऱ्या चढली आणि थांबली.

जड पावलं वळली. लंगडत जवळ आली, अगदी माइकपर्यंत.

रेकॉर्डिंग संपलं.

आमच्या मागे, गालिच्यावर, वाळकं पान चुरडलं.

दिग्दर्शक मान वळवू लागला. मी त्याचा हात धरला.

"नका बघू," मी म्हणाले. "राहू दे त्याला."