पूजेत बसवलेलं तेल

उत्तर स्वीडनमधल्या एका गोठलेल्या तळ्यावरून माझी पेटी परत आणायची, एवढाच आमच्या मोहिमेचा हेतू होता. पेटीत दोन हिवाळ्यांची बर्फाची मोजमापं होती. वसंतात बर्फ वितळला की ती तळाला जाणार होती, आणि तिच्याबरोबर नेदरलँड्समध्ये, नायमेखनला चाललेली माझी पीएचडीही. विद्यापीठ म्हणालं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझा करारच नव्हता.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मी अंबरीशदादाला धरलं. काडी परवडली असती.

अंबरीशदादा आइंडहोवनच्या मराठी मंडळातला, प्रोजेक्ट मॅनेजर. म्हणजे काम दुसऱ्याने करायचं आणि ते झालं असं याने सांगायचं. ज्या देशात पुलाचा चढ आला तरी सायकलवाले कुरकुरतात, त्या देशात या गृहस्थाने बर्फावर पळणारी एक जुनी स्नोमोबिल विकत घेऊन शेतकऱ्याच्या गोदामात ठेवली होती. बर्फात ती एकदाही चालवली नव्हती, पण 'एक्स्पिडिशन लीडर' असं छापलेलं जाकीट तयार होतं.

तिसरी ऋजुता, माझी मैत्रीण. चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम करणारी इंजिनिअर. स्नोमोबिल पाहिल्याबरोबर तिने दादाला सांगितलं होतं की आधी चेनकेसचं तेल बदल. इंजिनाची ताकद बर्फावर फिरणाऱ्या खालच्या पट्ट्यापर्यंत नेणारी साखळी चेनकेस नावाच्या बंद डब्यात तेलात फिरते. तेल गेलं की साखळीही जाते. नव्या तेलाची बाटलीसुद्धा तिनेच आणून दिली. दसऱ्यानंतर ग्रुपवर अंबरीशदादाचा मेसेज आला, 'चेनकेस डन', आणि पुढे अंगठा.

मार्चच्या सुरुवातीला यंत्र गाडीमागच्या ट्रेलरवर लादून आम्ही निघालो. शेवटच्या गावात गाडी सोडली आणि पठारावर चढलो. चहूकडे पांढरं, वर निळसर करडं आभाळ, मधूनच खुरटी बर्चची झाडं वाऱ्याकडे पाठ करून उभी. हे सगळं पाहून कुणीही गप्प झालं असतं. अंबरीशदादा यंत्र चालवता चालवता स्वतःचा व्हिडिओ काढत होता. मागे ऋजुता, आणि जोडलेल्या घसरगाडीवर मी. थोड्या वेळाने मला जळका वास आला. मी ओरडून सांगितलं. नवं तेल तापलं की असा वास येतोच, असं उत्तर आलं.

तळ्याकडचा उतार लागला आणि घात झाला!

खड्‌खड्‌खड्! उजव्या बाजूने आवाज सुटला. यंत्र हिसका देऊन धावलं. अंबरीशदादाने ब्रेक दाबला. काही नाही! या जुन्या यंत्रात ब्रेक साखळीच्या वरच्या टोकाला असतो. साखळी चाकाच्या दातांवरून सुटू लागली की ब्रेक दाबा नाहीतर देवाचा धावा करा, पट्टा आपल्या मर्जीने पळतो. समोर खडक! दादाने चक्क डोळे मिटले. ऋजुताने मागून हात घालून हँडल ओढलं. यंत्र कलंडलं, खोल बर्फात घुसलं आणि बंद पडलं. मी घसरगाडीवरून उडून छातीपर्यंत रुतले. जिवंत होतो!

तिघांनी मिळून यंत्र सरळ केलं. ऋजुताने अंबरीशदादाचा थर्मास उचलला, त्यातला चहा बर्फावर ओतला आणि तो चेनकेसखाली धरून खालचा बोल्ट सोडला. दादा "अगं, चहा!" एवढंच म्हणू शकला. थर्मासमध्ये अर्धा कप करडा चिखल पडला. बोल्टच्या चुंबकाला लोखंडाच्या चुऱ्याची दाढी आली होती.

"हे नवं तेल?" तिने विचारलं.

"अगं, खंडेनवमीला पाना, बाटली, सगळं पूजेत मांडलं होतं. पूजेतलं वापरत नाहीत ना त्या दिवशी. नंतर राहून गेलं. टेक्निकली, पूजा तर डन होती."

"बाटली कुठे आहे?"

"घरी. देवघरात."

खंडेनवमीला यंत्रांना एक दिवस विसावा देतात, हे मलाही माहीत आहे. याने पाच महिने दिला होता. स्वतःचा आळस देवाच्या नावावर खपवणाऱ्या माणसाइतका तिटकारा मला दुसऱ्या कुणाचा येत नाही.

ऋजुताने थर्मासचं झाकण घट्ट लावून तो आपल्या पिशवीत टाकला आणि सैल पडलेली साखळी आवळली. इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं तेल सामानात होतं, तेच डब्यात ओतलं. हे पातळ आहे, पण कोरड्यापेक्षा बरं, ती म्हणाली. मात्र यंत्राला आता उतार झेपणार नाही. खाली जायचं तर पायी, नाहीतर पेटी सोडून द्यायची.

वारा वाढत होता. मी बर्फावरचे बूट बांधले. घसरगाडीची दोरी अंबरीशदादाच्या हातात दिली आणि निघाले. त्याचे गुडघे, त्याची पाठ, त्याचं जाकीट, सगळ्यांची गाऱ्हाणी ऐकत तळं गाठलं. खणलं. पेटी होती! बर्फात बसून मी रडले. परतीच्या चढाला दोघांनी ती ओढली. वर ऋजुताने यंत्र सपाटीवर आणून ठेवलं होतं.

"चालवेन मी. घसरगाडी इथेच सोडू. आणखी एकच वजन झेपेल," ती म्हणाली. "ठरव, संहिता."

अंबरीशदादा सीटकडे सरकला होता. मी पेटी त्याच्या जागी बांधली.

दोघं यंत्रामागे दोरी धरून चालत निघालो. हिमवादळ आलं. पुढचं काही दिसेना. दोरी सुटली तर संपलं! ऋजुता चालीच्या वेगाने हाकत होती, साखळी कण्हत होती, पण तुटली नाही. गावाचे दिवे दिसले तेव्हा दादाच्या तोंडून पहिल्यांदाच शब्द फुटत नव्हता.

फुटला तो गुढीपाडव्याला, आइंडहोवनच्या मंडळात. जाकीट घालून त्याने मोहीम सांगितली. निसर्ग अनुभवावा म्हणून आपण मुद्दाम पायी गेलो. यंत्राने दगा दिला नाही, कारण खंडेनवमीला त्याची यथासांग पूजा केली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोलून घसा कोरडा पडला असेल, असं कुणीतरी म्हणालं.

ऋजुता उठली. पिशवीतून त्याचा थर्मास काढून तिने त्याच्यासमोर ठेवला.

"चहा घे, दादा."

सगळे कौतुकाने बघत होते. अंबरीशदादाने थर्मास हातात घेतला, हलवून पाहिला, आणि झाकण न उघडताच खाली बसला.