गरम हवा डावीकडे

प्रल्हाद नेवारे मिस्त्रीने खिशातून रबरबँड काढला आणि कुमुद देशभ्रतारांच्या हातात ठेवला.

"ताणा अन् ओठाले लावा, मॅडम."

"एसी बसवायला गाडी दिली तुला, जादूचे प्रयोग कसले करतोस?"

"लावा तर!"

कुमुदने लावला. रबर कोमट लागलं.

"आता ढिला सोडा. पुन्हा लावा."

या वेळी गार लागलं. प्रल्हाद खूश झाला. "हाच तुमचा नवा एसी. रबराच्या जागी धातूच्या पट्ट्या. मोटर त्यायले ताणते, सोडते. ताणल्या की तापतात, ती गरमी बाहेर. सोडल्या की थंड, ते आत. गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही."

या यंत्राला ताणशीतक म्हणत. नागपुरात उन्हाळ्याचा पारा पन्नाशीला टेकू लागला आणि एसीतल्या जुन्या गॅसवर बंदी आली, तेव्हापासून प्रत्येक गाडीत ते होतं. नव्हतं ते फक्त कुमुदच्या लाल गाडीत. दोनच माणसांची, छप्पर मागे ढकलता येणारी ती जुनी स्पोर्ट्स गाडी. तरुणपणी कुमुदने हिच्यावर घाटातल्या शर्यती मारल्या होत्या. बाजूला बसून पुढची वळणं ओरडून सांगणारी नलू आता राहिली नव्हती. डावी सीट रिकामी होती, घरही रिकामंच.

त्यात फर्मान निघालं: साठीपुढच्या माणसाने दुपारी बिनगारव्याची गाडी चालवली तर परवाना रद्द. फर्मान काढणारे अर्थातच स्वेटर घालून बसले होते. म्हाताऱ्यांनी उन्हात मरू नये एवढीच त्यांना काळजी. घरात कुढून मेले तर हरकत नव्हती.

कुमुदला परवाना हवाच होता. रोज दुपारी ती वर्धा रोडवर कडुनिंबाखाली गाडी लावायची, इंजिन बंद करायची. शेजारी शेवंता मेश्रामची ताकाची हातगाडी. बसची वाट बघणारी माणसं लाल दाराला टेकून उभी राहायची, गप्पा हाणायची. "अजून पळते का जी ही म्हातारी?" "कोणती, गाडी की मी?" दिवसभरात तिच्याशी कुणी बोलायचं ते एवढंच. गाडीच्या रूपाची ही पुण्याई, असं कुमुदला वाटायचं.

"गरम हवा कुठे सोडलीस?" किल्ली घेताना तिने विचारलं.

"डावीकडे. सगळेच मिस्त्री डावीकडे सोडतात. मालक उजवीकडे बसते ना, त्याले झळ नाही लागली पाहिजे."

पटण्यासारखं होतं. ती निघाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ सीटला चिकटली नाही. कडुनिंबाखाली पोचली तेव्हा हातावर चक्क काटा आला होता. आज इंजिन चालूच ठेवलं. ते बंद केलं की गारवाही बंद.

छत्रीवाले आजोबा नेहमीसारखे पुढे आले आणि गर्रकन मागे फिरले. क्लासला जाणारी मुलगी ओढणी तोंडावर घेऊन पलीकडे गेली. शेवंताने तर ताकाची हातगाडीच ढकलत लांब नेली.

कुमुदने काच खाली केली. "शेवंता! अगं, ताक दे की!"

"तुम्हीपण त्यायच्यातल्याच झाल्या का, कुमुदताई?"

"म्हणजे?"

"डाव्या अंगाले हात लावून पाहा."

कुमुदने पलीकडे वाकून डावी काच उतरवली, हात बाहेर काढला. भट्टीचं दार उघडावं तशी झळ आली. तिने हात झटकला. फुटपाथ डावीकडेच असतो. शहरातली प्रत्येक गाडी आपली आग तिथल्या माणसांच्या पायांवर ओतत होती, आणि आत बसून कुणाला ते कळायचं कारणच नव्हतं.

"मला वाटायचं, तुम्ही गाडी बघायला येता," ती म्हणाली.

शेवंता हसली. "गाडीचं काय पाहाचं, बाई? एवढ्या रोडवर हिच्याच बाजूले उभं राहता येत होतं."

कुमुदने प्रल्हादला फोन लावला. "ते गरम हवेचं तोंड दुसरीकडे वळव."

"वळवतो ना. उजवीकडे केलं तर स्कूटरवाले भाजतील. मागं केलं तर मागचे. गरमी संपत नसते, मॅडम. कोणाच्या ना कोणाच्या अंगावर जातेच."

तिने फोन ठेवला आणि इंजिन बंद केलं. छप्पर मागे ढकललं. कडुनिंबाच्या विरळ फांद्यांतून ऊन डोक्यावर कोसळलं. ताणशीतकाचा डबा लगेच बोलू लागला, "चालकाच्या जिवाला धोका. गारवा सुरू करा, अन्यथा परवाना रद्द होईल." बऱ्याच दिवसांनी त्या गाडीत कुणीतरी तिला काय करायचं ते सांगत होतं. नलू मात्र असली वळणं सांगत नसे.

कुमुदने हात लांब करून डावं दार सताड उघडलं.

"ये, बस," ती ओरडली.

शेवंता ताकाचा ग्लास घेऊन पलीकडे उभीच होती. डाव्या तोंडातून अजून झळ निघत होती. डबा पुन्हा बजावत होता. कपाळावरचा घाम कुमुदच्या डोळ्यांत उतरला, तरी ती शेवंताच्या पावलांकडेच बघत राहिली. आधी काय जाणार होतं, झळ की परवाना?