प्लासिडबाबाच्या याटीवरचं नाव

दिवा राहू दे. अंधारातच ऐका. आणि गोष्ट संपेपर्यंत कुणी फोन उघडायचा नाही. का, ते शेवटी कळेल.

आपल्या विनिताचा दीर स्वरूप, मुंबईत नोकरीला जातो ना, त्याच्यावर गुदरलेली ही गोष्ट. दोन नोव्हेंबर, रविवार. भुईगावच्या ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. रात्री पावणेनऊला स्वरूप निर्मळहून स्कूटरवर निघाला. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली एक लाकडी होडी बांधलेली. ती भुईगावात द्यायची आणि जेवायला घरी यायचं, एवढंच काम.

होडी कसली, दीड हाताची याट! शंभर वर्षांपूर्वी विलायतेत शर्यती गाजवलेल्या शिडाच्या बोटीची हुबेहूब नक्कल. भुईगावच्या प्लासिडबाबा सुतारानं एका जुन्या कॅलेंडरातल्या चित्रावरून ती सागवानात उतरवलेली. चार वर्षं खपला म्हातारा. जन्मभर पॉलिश पेपर घासून घासून त्याच्या बोटांच्या रेघाच गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर अंगठा उठायचा नाही. म्हणून त्यानं याटीच्या पोटाखाली कोरलं, ‘प्लासिड, भुईगाव’. म्हणायचा, "माझा अंगठा कुठंच उठत नाय. हाच माझा अंगठा."

स्वरूपनं ती याट विरारच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून मागून नेली. म्हाताऱ्यानं विश्वासानं दिली. आणि या शहाण्यानं काय करावं? झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला, म्हाताऱ्याचं नाव घासून काढलं आणि तिथं स्वतःचं घातलं! पहिलं बक्षीस, हारतुरे, पेपरात फोटो. आयत्या बिळावर नागोबा! संताप येतो की नाही, सांगा.

तो फोटो प्लासिडबाबानं पाहिला. त्या दिवसापासून हत्याराला हात लावला नाही, कुणाशी बोलला नाही. आठव्या दिवशी गेला. त्याच्या लेकीनं, ज्युलीनं, स्वरूपला फोन केला. "बाबांची याट मृतांच्या दिवशी घरी पाहिजे. तिच्यापुढं मेणबत्ती लावायचीय." स्वरूप म्हणाला, आणतो. पोटाखाली कोण बघायला जातंय, असा त्याचा हिशेब.

भुईगावची दफनभूमी आली. कबरींवर मेणबत्त्या जळत होत्या. माणसं घरी गेलेली. वळण घेतलं, आणि मागून आवाज आला.

खस्… खस्…

चादर घासत असेल. त्यानं स्कूटर थांबवली. इंजिन बंद केलं. चादर जागच्या जागी होती. दोरीही घट्ट होती.

खस्… खस्…

मानेवर काहीतरी भुरभुरलं. त्यानं हात फिरवून पाहिलं. लाकडाचा भुसा.

घाईघाईनं त्यानं हँडल धरलं. तेवढ्यात त्याच्या हातावर हात आला. गार. खरखरीत. त्यानं अंगठा पकडला.

"कोण…?"



घासणं सुरू झालं. दुखत नव्हतं. जराही नाही. हात मात्र सुटेना.

अंगठा झाला. मग पहिलं बोट. मग दुसरं…

"बाबा… चुकलो… नाव परत कोरतो…"

खस्… खस्…

आता कोरून काय उपयोग? दहा बोटं झाली, तेव्हाच हात सुटला.

ज्युलीच्या दारात स्वरूपनं दोरी सोडून याट पुढं केली. तिनं याट घेतली. उलटी केली. वाचलं.

"हे तुमचं नाव?"

स्वरूपनं हात पाठीमागं लपवले.

तिनं दार लावून घेतलं.

सोमवारी ऑफिसच्या मशीननं त्याचा अंगठा घेतला नाही. दुसरं बोट लावलं. तिसरं लावलं. दहाही लावून झाली. डॉक्टर म्हणाले, जखम नाही, ओरखडा नाही, भाजलेलं नाही. मग रेघा गेल्या कुठं? ते काही त्यांना सांगता आलं नाही. ऑफिसात, बँकेत, आधारच्या केंद्रावर, आजही त्या माणसाचा अंगठा कुठंच उठत नाही.

हं. आता उघडा तुमचे फोन. अंगठा लावून.